शिक्का, मोर्तब आणि दस्तक

मनुष्याचा व्यवहार जसजसा विस्तारत जातो तसतसा तो अनोळखी माणसांशीं होऊं लागतो. आणि अनोळखी माणसाशीं व्यवहार करावयाचा म्हणजे दोन प्रश्न विचारल्यावांचून गत्यंतर नसतें. "आपण कोण?" हा पहिला प्रश्न, आणि "हें करण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?" हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न इतके लागून येतात कीं, एकाचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचेंही मिळालें अशी आपली सहज समजूत होते. ही समजूत खोटी आहे, आणि ती किती महाग पडते हें आमच्या पुणें शहराच्या इतिहासानें एकदां नव्हे, अनेकदां दाखविलें आहे. तेंच प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आज हे दोन प्रश्न घरोघरीं दिवसांतून दहा वेळां विचारले जातात. बँकेंतील शिल्लक पाहावयाची असो, विजेचें बिल भरावयाचें असो, कीं मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहावयाचा असो. आधीं पासवर्ड सांगावा लागतो, मग मोबाइलवर सहा आंकडे येतात, ते लिहावे लागतात, आणि मग दार उघडतें. ह्या दाराशीं पहारा कोणाचा असतो? पुष्कळांची समजूत अशी कीं, ज्या संस्थेचें दार तिचाच पहारेकरी. वस्तुस्थिति बहुधा तशी नसते. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचे तयार जुडगे असतात. त्यांस त्या धंद्यांत 'लायब्ररी' म्हणतात, जरी पुस्तकांशीं त्यांचा कांहीं संबंध नसतो. सुतार जसा बिजागरी स्वतः ओतीत बसत नाहीं, बाजारांतून आणून दाराला ठोकतो, तसा कार्यक्रम लिहिणारा मनुष्य लॉगिनची लायब्ररी आणून आपल्या कार्यक्रमास जोडतो. अशा पुष्कळ लायब्रऱ्या 'ओपन सोर्स' असतात. म्हणजे त्यांची संहिता कोणालाही वाचतां येते, विनामूल्य वापरतां येते, सुधारतांही येते. त्यांतल्या कित्येक इतक्या लहान असतात कीं, जाणत्या मनुष्यानें त्या एका बैठकींत वाचून काढाव्या. आणि त्यांचा सांभाळ एकदोन माणसें आपली नोकरी संभाळून फावल्या वेळांत करीत असतात.

इतक्या लहान वस्तूवर इतका मोठा भार घालावा काय, आणि घातलाच तर तो पेलावा कसा, हा आजचा प्रश्न आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे अधिकारी नव्हे. परंतु हा प्रश्न यंत्रापूर्वीचा आहे, आणि त्याचें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर मराठ्यांच्या दफ्तरांत आहे, म्हणून त्यावर लिहिण्याचें धाडस करीत आहों.

'शिक्कामोर्तब करणें' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों. पण शिक्का आणि मोर्तब या दोन भिन्न वस्तु होत्या हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. शिक्का कागदाच्या माथ्याशीं उमटवावयाचा, आणि मोर्तब मजकूर संपल्यावर अगदीं शेवटीं. शिवाजी महाराजांची सुप्रसिद्ध अष्टकोनी संस्कृत मुद्रा १६४६ सालच्या पत्रावर आढळते. तिच्यांत या राजमुद्रेस प्रतिपदेच्या वर्धिष्णु चंद्रकोरीची उपमा दिली आहे. तिची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु पत्राच्या अखेरीस जी लहान मुद्रा उमटे, जिच्यावर 'मर्यादेयं विराजते' एवढींच अक्षरें असत, तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. तिचें काम मात्र थोरल्या मुद्रेहून कमी महत्त्वाचें नव्हे. थोरली मुद्रा सांगे कीं, हें पत्र कोणाचें. धाकटी सांगे कीं, हें पत्र येथें संपलें. तिच्यापुढें कोणीं एक ओळ वाढविली तर ती मर्यादेबाहेरची म्हणून तत्काळ उघडी पडे. 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब सूद' हे शब्दही याच हेतूनें पत्राखालीं येत. फारसींतील 'शुद' म्हणजे 'झालें'. मोर्तब सूद म्हणजे मोर्तब झालें, आतां या मजकुरांत भर नाहीं.

एवढ्यावरही ते लोक थांबले नाहींत. राज्याभिषेकाच्या वेळचा जो अष्टप्रधानांचा कानुजाबता आहे, त्यांत प्रत्येक प्रधानाचें काम वांटून दिलें आहे. राजपत्रावर शिक्का करणें हें मुख्य प्रधानाचें काम. परंतु त्या पत्रांचा शोध घेऊन कोठें अक्षर अधिकउणें झालें असेल तर तें शुद्ध करणें, हें काम सचिवाचें. इतर प्रधानांनीं आपापलें संमतिचिन्ह करावयाचें. म्हणजे लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, शिक्का करणारा तिसरा. आणि पत्र गेल्यावर त्याची नोंद दफ्तरांत ठेवणारा चौथा. यांपैकीं एक हात फितूर झाला तरी उरलेल्या हातांतून लबाडी निसटणें कठीण.

गांवच्या व्यवहारांतही हीच बुद्धि दिसते. वतनाचा तंटा निकालांत काढून महजर लिहिला म्हणजे त्यावर पाटलाची निशाणी नांगर, सुताराची किंकरें, वाण्याची तराजू, अशीं चित्रें काढलेलीं असत. लिहितां येत नसे म्हणून हीं चित्रें, हें खरें. पण त्यांत आणखी एक अर्थ आहे. नांगर हें त्या मनुष्याचें नांव नव्हे, त्याचें गांवांतील स्थान होय. अमुक मनुष्य हजर होता एवढेंच तो नांगर सांगत नाहीं. तो कोणत्या नात्यानें हजर होता हेंही सांगतो. ओळख आणि अधिकार यांतला भेद निरक्षर म्हणविणाऱ्या गांवकऱ्यांनीं असा कागदावर काढून ठेविला आहे.

पेशव्यांच्या शिक्क्यांत हा भेद अधिकच स्पष्ट झाला. त्यांत आधीं छत्रपतींचें नांव, मग पेशव्यांचें, आणि शेवटीं 'मुख्य प्रधान' हें पद. सर्व सत्ता पुण्यास एकवटली होती त्या काळांतही हा क्रम पाळला जाई, आणि पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच यावीं लागत. बाजीरावाचा मुलगा कोण हें सर्वांस ठाऊक होतें. तथापि तो मुलगा आहे म्हणून पेशवा होत नसे, वस्त्रें मिळालीं म्हणजे होई. कोणी याला नुसता उपचार म्हणतील. आम्ही म्हणतों कीं, अधिकार हा अंगचा नसतो, तो दुसऱ्यानें दिलेला असतो, आणि दिलेला असल्यामुळें त्याला मर्यादा असते, हा सिद्धांत त्या उपचारांत जपलेला होता.

आतां ही व्यवस्था मोडली म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें पुण्यांतच पाहूं. तीन वर्षांच्या अंतरानें घडलेल्या या दोन गोष्टींचा स्वभाव मात्र अगदीं निराळा आहे.

पहिली गोष्ट ३० ऑगस्ट १७७३ ची. त्या दिवशीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. गारद्यांस जो हुकूम दिला होता त्यांत नारायणरावांस 'धरावें' असा शब्द असून तो बदलून कोणीं 'मारावें' असा केला, ही कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे, आणि 'ध चा मा करणें' ही म्हण तींतूनच निघाली. अक्षर आनंदीबाईंनीं बदललें हा परंपरेचा आरोप. त्याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं, आणि आम्हांसही तो कागदाच्या पुराव्याविना त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें वाटत नाहीं. पण कथेंतलें मर्म त्या अक्षरांत नाहींच. कट करणारांचा हुकूम दफ्तरांतून जात नसतो. त्याची नोंद होत नाहीं, त्यावर सचिवाची नजर पडत नाहीं, आणि ज्याच्या हातीं तो पडतो त्याला तो ताडून पाहण्यास जागा नसते. हुकूम कोणाचा हें गारद्यांस ठाऊक होतें. जो हातीं आला तो हुकूम जसा निघाला तसाच आला कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन मात्र नव्हतें. मागाहून रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविलें, हा न्यायाचा मोठा विजय खरा. पण न्याय खुनाच्या मागाहून येतो, आणि तपासणी आधीं यावयास पाहिजे होती.

दुसरी गोष्ट तोतयाची. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत शंका राहिली. पत्नी पार्वतीबाईंनीं तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करलें नाहीं. अशा स्थितींत उत्तरेकडचा एक कनोजा ब्राह्मण, नांव सुखनिधान, 'मीच भाऊ' म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या वेळींच त्याची चौकशी होऊन त्यास कैदेंत टाकलें होतें. पण १७७६ सालीं, बारभाईंच्या कारभारांत, रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजपे या सुभेदारानें त्यास बंधमुक्त केलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतले किल्ले त्याच्या ताब्यांत गेले, हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले, आणि तो घाटाच्या तोंडाशीं येऊन ठेपला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला, आंग्र्यांनीं त्यास पकडलें, आणि पुण्यास आणून उघड चौकशी झाल्यावर डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहांत शासन झालें. नरसिंह चिंतामण केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकानें ही कथा मराठी वाचकांच्या परिचयाची केली आहे.

या बंडांत आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें तें तोतयाचें धाडस नव्हे, तर किल्लेदारांचें वर्तन. क्षणभर धरून चालूं कीं, तो खरोखरच भाऊ होता. तरी किल्ला स्वाधीन करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यास १७७६ सालीं कोणीं दिला होता? पेशवे सवाई माधवराव होते, शिक्का त्यांचा चालत होता. परंतु भाऊंचें नांव ऐकतांच लोकांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर मान्य केलें आणि दुसरा प्रश्न विचारलाच नाहीं. खोटी ओळख ही एक फसवणूक होती; पण त्या ओळखीबरोबर सर्व अधिकार आपोआप येतो हें मानणें ही दुसरी फसवणूक होती, आणि ती लोकांनीं आपली आपणच करून घेतली.

तेव्हां नारायणरावांच्या वेळीं मजकुराची शुद्धता राहिली नाहीं, आणि तोतयाच्या वेळीं ओळख व अधिकार यांची गल्लत झाली. हीं दोन सूत्रें मनांत धरून आतां यंत्रयुगाकडे वळूं.

संगणकावर पासवर्डाचा उपयोग प्रथम १९६१ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत झाला. एकच मोठें यंत्र अनेकांनीं वांटून वापरावयाचें होतें; ज्याचे त्याचे कागद ज्याला त्यालाच दिसावे म्हणून प्रत्येकास एकेक गुप्त शब्द दिला. पण सर्वांचे शब्द एका यादींत जसेच्या तसे लिहिलेले असत. पुढल्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या एका विद्यार्थ्यानें, यंत्राचा आपल्या वांट्यास आलेला वेळ पुरत नाहीं म्हणून, ती सबंध यादीच छापवून घेतली; आणि १९६६ सालीं तर एका चुकीमुळें ती यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढें आपोआप उमटली. किल्ल्या जिच्यांत टांगल्या ती खोलीच उघडी राहिली.

यावर जो तोड निघाला तो रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत सविस्तर सांगितला आहे. त्याचें तत्त्व आपल्या घरांतल्या जात्यावरून समजतें. दाण्याचें पीठ होतें, पिठाचा दाणा होत नाहीं. तसा पासवर्ड एका गणिती जात्यांत दळून त्याचें पीठ तेवढें ठेवावयाचें. मनुष्य पुन्हां आला म्हणजे त्यानें दिलेला शब्द त्याच जात्यांत दळावयाचा, आणि दोन्ही पिठें जुळलीं तर त्यास आंत घ्यावयाचें. दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळें दिसावें म्हणून प्रत्येकाच्या दाण्यांत थोडें निराळें मीठ मिसळतात. त्या धंद्यांत त्यास 'सॉल्ट' म्हणजे मीठच म्हणतात. यादी चोरीस गेली तरी चोराच्या हातीं पीठ येतें, दाणा येत नाहीं.

येथें वाचकांपैकीं कोणी विचारतील कीं, हें जातें कसें चालतें तें सर्व जगास छापून सांगितलें, मग चोरासही तें कळलेंच. होय, कळलें, आणि त्यानें बिघडत नाहीं. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषाशास्त्रज्ञानें १८८३ सालीं लष्करी गुप्तलेखनासंबंधानें असें सांगितलें कीं, पद्धति सबंध शत्रूच्या हातीं पडली तरी चालली पाहिजे. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. मराठी दफ्तराची रीत अशीच होती. पत्राचा मायना कसा, शिक्का कोठें, मोर्तब कोठें, हें गांवोगांवच्या कुळकर्ण्यांस पाठ होतें. सर्वांस ठाऊक होतें म्हणूनच खोटें पत्र ओळखूं येई. गुप्त काय होतें, तर शिक्का ठेवण्याची पेटी. आजची ओपन सोर्स लायब्ररी जगापुढें उघडी असते ती याच विश्वासानें.

ओळखीची सोय अशी झाली. अधिकाराचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षें लोंबकळत राहिला. एका संस्थेनें आपल्या वतीनें दुसऱ्या संस्थेकडून कांहीं आणावें, उदाहरणार्थ एकीकडचे पत्ते दुसरीकडे न्यावे, असें मनांत आलें तर आपला पासवर्डच तिच्या स्वाधीन करावा लागे. म्हणजे भाजी आणावयास पाठविलेल्या गड्याच्या हातीं तिजोरीची किल्ली देण्यासारखें झालें. पत्ते पाहण्याची परवानगी द्यावयाची होती, आणि दिला गेला सर्वाधिकार. तोतयाच्या वेळची जी गल्लत तीच येथें यंत्रांत शिरली.

यावर २००७ सालीं कांहीं अभियंत्यांनीं मिळून 'ओऑथ' नांवाचा नियमसंग्रह तयार केला, आणि त्याची दुसरी आवृत्ति ऑक्टोबर २०१२ मध्यें मान्य झाली. तींतलें मुख्य साधन जें 'टोकन' त्यास मराठींत जुना शब्द सिद्धच आहे, तो दस्तक. पेशवाईंत माल नेणाऱ्यास राहदारीचें दस्तक मिळे. घाटावरच्या चौकीदारानें तें पाहावयाचें आणि सोडावयाचें. त्या दस्तकानें घाट उतरतां येई, किल्ल्यांत शिरतां येत नसे. आजच्या टोकनांतही तेंच असतें: तें कोणीं दिलें, कोणासाठीं दिलें, कोणत्या कामापुरतें दिलें, आणि मुदत केव्हां संपते. शेवटीं देणाराची गणिती सही असते. मजकुरांतलें एक अक्षर बदललें तरी ती सही जुळत नाहीं. तीच त्याची मोर्तब. धन्याची किल्ली धन्याजवळच राहते.

या व्यवस्थेंतही चूक झालीच. एप्रिल २००९ मध्यें ओऑथच्या पहिल्या आवृत्तींत एक छिद्र सांपडलें. दस्तकाची मागणी एकानें सुरू करावी, संमति भलत्याच भोळ्या मनुष्याकडून वदवून घ्यावी, आणि दस्तक पहिल्यानें घेऊन जावें, हें शक्य होतें. कारण मागणारा आणि संमति देणारा एकच आहे कीं नाहीं हें कोणी ताडून पाहत नव्हतें. चूक उघड झाली, नियम तत्काळ सुधारला. ज्या लहान लायब्ररीविषयीं आम्ही आरंभीं बोललों तिचें काम हेंच, कीं असले सर्व नियम, आणि अशा सर्व चुकांतून शिकलेले धडे, एका ठिकाणीं नीट बांधून ठेवावे, म्हणजे प्रत्येकानें तींच छिद्रें पुन्हां पाडूं नयेत.

येथवर सर्व ठीक. पण नियम चांगला असून चालत नाहीं, तो जेथें चालवावयाचा ती जागाही राखावी लागते. हा धडा पुण्यासच मिळाला. १९०६ सालीं स्थापन झालेली येथील कॉसमॉस सहकारी बँक आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची आहे. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशीं तिच्यावर परदेशांतून हल्ला झाला, आणि सुमारें ९४ कोटि रुपये गेले. त्यांतले ७८ कोटि २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून नकली कार्डांनीं काढण्यांत आले. सुमारें अडीच कोटि हिंदुस्थानांतच काढले गेले. आणि १४ कोटींच्या जवळपास रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविली गेली.

युक्ति काय होती ती पाहण्यासारखी आहे. कोठल्याही एटीएमवर कार्ड घातलें म्हणजे विचारणा बँकेच्या 'स्विच' नांवाच्या यंत्रणेकडे येते; ती आंतल्या खात्यांच्या वहीस विचारते, आणि होकार आला तरच पैसे सोडण्याची आज्ञा देते. चोरांनीं एक खोटा स्विच मध्यें बसविला. तो वहीस कांहीं विचारीतच नसे. आलेल्या प्रत्येक मागणीस परस्पर होकार देई. खातें कोणाचें, शिल्लक किती, हे प्रश्नच उद्भवले नाहींत. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर, फडावर खोटा फडणीस येऊन बसला, आणि दफ्तर न पाहतां मोर्तब करीत सुटला. पुढें २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा आरोपींस दोषी ठरवून शिक्षा दिली. न्याय येथेंही मागाहूनच आला.

आतां शेवटचें उदाहरण, कीं ज्यांत आमच्या दोन्ही जुन्या कथा एकत्र येतात. 'एक्सझेड' नांवाची एक लहान ओपन सोर्स लायब्ररी आहे. माहिती दाबून लहान करणें एवढेंच तिचें काम. परंतु लिनक्सच्या कांहीं प्रकारांत दुरून लॉगिन करूं देणारा जो पहारेकरी कार्यक्रम असतो, तो अप्रत्यक्षपणें तिच्यावर विसंबून असे. तिचा सांभाळ लासे कॉलिन हा एकच मनुष्य विनावेतन वर्षानुवर्षें करीत होता. तो थकला होता, आणि तसें त्यानें सांगितलेंही होतें. अशा वेळीं जिया टॅन या नांवानें कोणी एक मदतनीस पुढें आला. त्यानें दोनएक वर्षें चांगलें काम केलें, विश्वास मिळविला, आणि शेवटीं त्याच्या हातीं प्रसिद्ध करण्याचा अधिकार आला. त्या नांवामागें कोण होतें हें कोणासही ठाऊक नव्हतें. मग १९२४ नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत २०२४ सालीं, त्यानें लायब्ररींत एक चोरवाट ठेविली; जिच्याजवळ एक विशिष्ट किल्ली असेल त्या मनुष्यास ती वाट परक्या संगणकांत थेट नेणार होती. आणि ही चोरवाट सुरू करणारा तुकडा सर्वांस वाचावयास ठेवलेल्या संहितेंत नव्हता. वाटण्यासाठीं जे गठ्ठे बांधले त्यांतच तेवढा घातला होता. वाचावयास 'ध', आणि हातीं पडला तो 'मा'.

ही लबाडी कोणा पहाऱ्यानें धरली नाहीं. आंद्रेस फ्रॉइंड नांवाचा एक अभियंता निराळेंच काम करीत असतां त्यास दिसलें कीं, लॉगिनला नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्याचें कुतूहल जागें झालें, त्यानें मूळ शोधलें, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व जगास सावध केलें. त्या मनुष्यानें त्या अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलें असतें तर काय झालें असतें, याची कल्पना करवत नाहीं.

यावरून कोणी म्हणेल कीं, संहिता उघडी ठेवणें हेंच चुकलें. आमचें मत तसें नाहीं. बंद संहितेंत तो अर्धा सेकंद दिसला असता, पण त्याचें कारण शोधण्यास बाहेरच्या मनुष्यास वाटच राहिली नसती. मात्र उघडें असणें निराळें आणि वाचलें जाणें निराळें, हें मान्य केलें पाहिजे. २०१४ सालच्या एप्रिलमध्यें ओपनएसएसएल या लायब्ररींत 'हार्टब्लीड' नांवाचा मोठा दोष सांपडला. जगांतल्या असंख्य व्यापारी संस्था तिच्या आधारानें गुप्त व्यवहार करीत होत्या, दोष दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांपुढें उघडा होता, आणि तिच्या सांभाळासाठीं वर्षाकाठीं देणगी येत होती ती सुमारें दोन हजार डॉलर! पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीं निधि उभा केला हें खरें. पण दहा वर्षांनीं एक्सझेडचा सांभाळ करणारा मनुष्य एकटाच होता, हेंही खरें.

मराठ्यांच्या दफ्तराची शहाणीव येथें आपल्या कामीं येते. तेथें रीत सर्वांस ठाऊक होती, किल्ली थोड्यांच्या हातीं होती, काम अनेक हातांत वांटलेलें होतें. पण या तिहींच्या बुडाशीं एक चौथी गोष्ट होती, ती आम्ही सहज विसरतों. त्या चिटणिसास, त्या फडणिसास, त्या नोंद ठेवणाऱ्या कारकुनास वेतन होतें, वतन होतें. कागद तपासणें हें राज्याचें काम आहे, कोणाच्या सौजन्यावर सोडावयाचें काम नाहीं, हें राज्यानें मानलें होतें. आज ज्या बँका, ज्या विद्यापीठें, जे सरकारी विभाग विनामूल्य लायब्ररीच्या जिवावर लाखों लोकांचीं दारें उघडतात व लावतात, त्यांनीं तिच्या एखाद्या सांभाळणाऱ्यास वर्षाचें वेतन द्यावें, किंवा आपल्या नोकरींतला एखादा मनुष्य आठवड्यांतून एक दिवस ती वाचण्यासाठीं मोकळा सोडावा, हें मागणें मोठें नाहीं. पुण्यांत तर संगणकाचें काम करणारीं तरुण माणसें घराघरांत आहेत, आणि ज्यांत त्यांस हें काम शिकवितां येईल अशीं महाविद्यालयेंही आहेत. दुसऱ्याची संहिता वाचून तींतलें अधिकउणें अक्षर शोधणें हा अभ्यासाचाच एक विषय व्हावा, असें आम्हांस वाटतें.

पेन्शनवर राहणाऱ्या गृहस्थाची शिल्लक, विधवेच्या नांवची ठेव, मुलाच्या परीक्षेचे गुण, हें सर्व आज त्या लहानशा जुडग्याच्या पहाऱ्यांत आहे. शिक्का कितीही सुबक कोरला तरी तो स्वतः कांहींच वाचत नाहीं. वाचणारा मनुष्य लागतो, आणि त्याची भाकरी कोणीतरी द्यावी लागते.